मृगाच्या पश्चिमेचा नारिंगी शेजारी

एप्सिलॉन एरिडानी हा नारिंगी बटुतारा आपल्यापासून अवघ्या साडेदहा प्रकाशवर्षांवर आहे. सूर्य सोडला तर नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांमध्ये याहून जवळचे दोनच: एक व्याध आणि दुसरा नरतुरंग तारकासमूहातला ‘मित्र’ नावाचा तारा (अल्फा सेंटॉरी), जो आपल्या कोकणातून मे महिन्याच्या रात्री दक्षिण क्षितिजाच्या जरासा वर येतो. इतका जवळचा, सूर्याशी नाते सांगणारा आणि स्वतःचा ग्रह बाळगणारा तारा आपल्या सड्यांवरून दुर्बिणीशिवाय दिसतो, तरी त्याची फारशी कोणी दखल घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

त्याला ओळखायचे असेल तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, चंद्र नसताना, रत्नागिरीच्या परिसरातल्या एखाद्या काळोख्या सड्यावर जावे. मृगातला राजन्य हा निळसर पांढरा ठळक तारा आधी शोधावा. हात पूर्ण लांब करून पसरलेली एक वीत राजन्यापासून पश्चिम क्षितिजाच्या दिशेने मोजली, की साधारण दोन बोटांच्या अंतरावरचे दोन मंद तारे दिसतात. त्यांतला खालचा, किंचित अधिक मंद, तो हा. राजन्य सुमारे 860 प्रकाशवर्षांवरून झगमगतो आणि हा अगदी शेजारचा असूनही मिणमिणता, कारण त्याचे तेज सूर्याच्या जेमतेम एकतृतीयांश आहे. रात्र चढेल तसा तो समुद्रावरच्या दमट हवेत आणि मासेमारी नौकांच्या एलईडी दिव्यांच्या उजेडात उतरतो, म्हणून नऊच्या आत पाहिलेले बरे.

फ्रँक ड्रेक यांनी 1960 साली अमेरिकेतल्या ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बिणीने परक्या संस्कृतीचे संदेश ऐकण्याचा पहिला प्रयत्न केला, तेव्हा निवडलेल्या दोन ताऱ्यांपैकी हा एक होता. दुर्बीण याच्याकडे वळवल्यावर थोड्याच वेळात जोरदार स्पंदने ऐकू आली, पण त्यांचा उगम पृथ्वीवरचाच निघाला.

त्याच्या ग्रहाची कथा मात्र मला याहून मोलाची वाटते. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित हलतो आणि ती हालचाल त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात मोजता येते. या पद्धतीने 2000 साली तिथे गुरूसारखा ग्रह असल्याचे जाहीर झाले, परंतु त्यावर शंका घेणे रास्तच होते. हा तारा वयाने शंभर कोटी वर्षांहूनही लहान आहे, साधारण अकरा दिवसांत स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्यावर मोठमोठे डाग असतात. ते डाग फिरताना वर्णपट असा बदलतो, की तारा हलल्याचा भास व्हावा. शिवाय सुरुवातीच्या गणितात ग्रहाची कक्षा फार लंबवर्तुळाकार निघाली होती, आणि असा ग्रह ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या आतल्या पट्ट्याला सुखाने टिकू देणार नाही, हा आक्षेप वजनदार होता. ग्रहाला एक फेरी मारायला सात वर्षांहून अधिक काळ लागतो, त्यामुळे घाई करून उपयोग नव्हता. सुमारे तीस वर्षांची निरीक्षणे एकत्र जुळवल्यावर 2019 साली ग्रहाच्या अस्तित्वाला भक्कम पुष्टी मिळाली आणि कक्षा जवळजवळ वर्तुळाकार ठरली. ताऱ्यापासून त्याचे अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे साडेतीन पट आहे.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने 2015 साली ताऱ्याला रान आणि ग्रहाला एगिर ही नावे दिली. नॉर्स पुराणातले हे समुद्राचे दांपत्य, आणि त्यातली रान बुडणाऱ्यांना जाळ्यात ओढणारी. किनाऱ्यावरच्या माणसाच्या ही नावे चटकन लक्षात राहतील.

एगिरच्या आतल्या बाजूला पृथ्वीएवढा एखादा ग्रह फिरत असेल का, हा प्रश्न मला सर्वाधिक ओढ लावतो. पृथ्वी आपल्या सूर्याला सेकंदाला सुमारे नऊ सेंटिमीटर एवढ्याच वेगाने हलवते, तर या तरुण ताऱ्याचे डाग काही मीटरांचा गोंधळ सहज घालतात. त्या गोंधळातून सेंटिमीटरांची हालचाल वेगळी काढणारी पद्धत हाती येईपर्यंत या ताऱ्याबाबत होकार किंवा नकार देणे अकाली ठरेल.