कीनचा थांबा

मराठी पर्यटकांचे गट घेऊन मी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर टूर लीडर म्हणून काम करतो. लास वेगासहून योसेमिटीकडे जाताना बार्स्टो ओलांडले की ५८ क्रमांकाचा महामार्ग लागतो आणि तेहाचापीचा घाट उतरताना कीन नावाची छोटी वस्ती येते. २०१३ च्या मे महिन्यात आमची बस तिथे थांबली.

फाट्यावर ‘सेझार चावेझ राष्ट्रीय स्मारक’ हे नाव वाचताच बसमध्ये चर्चा सुरू झाली. व्हेनेझुएलाचे अध्यक्ष ह्यूगो चावेझ त्याच वर्षी ५ मार्चला वारले होते आणि त्यांच्या बातम्या लोकांच्या डोक्यात ताज्या होत्या. त्यामुळे पुण्याच्या एका निवृत्त बँक अधिकारी काकांनी विचारले, “आयुष्यभर अमेरिकेच्या विरोधात बोललेल्या माणसाचे स्मारक अमेरिकेनेच कसे केले?” हा गोंधळ केवळ आपल्या लोकांचा होता असे मुळीच नाही. त्याच वर्षी ३१ मार्चला, कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ यांच्या जन्मदिनी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र लावले, तेव्हा खुद्द अमेरिकेतल्या कित्येकांनी ते ह्यूगो चावेझ यांचे समजून संताप व्यक्त केला होता. कीनच्या वाहनतळावर भेटलेल्या एका अमेरिकन जोडप्याने तर हे हुलिओ सेझार चावेझ या मेक्सिकोच्या मुष्टियोद्ध्याचे स्मारक आहे का, अशी चौकशी माझ्याकडे केली.

खाली उतरल्यावर मंडळी कॅमेरे सरसावून पुतळा शोधू लागली. समोर होत्या त्या डोंगरउतारावरच्या जुन्या, साध्या इमारती. पूर्वी तिथे क्षयरोग्यांचे रुग्णालय होते आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शेतमजुरांच्या युनियनने तिथे आपले मुख्यालय आणले. १९०६ च्या एका कायद्याने तिथल्या राष्ट्राध्यक्षांना सरकारी मालकीची ऐतिहासिक जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्याच अधिकारात ८ ऑक्टोबर २०१२ रोजी बराक ओबामा यांनी कीनला येऊन तशी घोषणा केली. म्हणजे राखायची होती ती चावेझ यांची पुस्तकांनी भरलेली कचेरी, ते राहत होते ते घर आणि बागेतली त्यांची समाधी. हे सांगूनही चेहऱ्यांवरची निराशा जाईना, आणि ती मला समजत होती, कारण ज्याच्या कामाची काहीच कल्पना नाही अशा माणसाची खुर्ची-टेबले पाहून कोणाला काय मिळणार?

गटात निफाडचे एक द्राक्षबागायतदार होते, त्यांना सगळे आप्पा म्हणत. प्रदर्शनातल्या द्राक्षतोडणीच्या एका छायाचित्रापाशी ते बराच वेळ उभे राहिले. घड डाव्या तळव्यावर तोलून धरायचा, कात्री देठाला कशी लावायची आणि मण्यांवरची लव न पुसता घड पेटीत कसा ठेवायचा, हे त्यांनी हातांनी करून दाखवले आणि मला विचारले, “ही माणसे आमच्याच टोळ्यांसारखी दिसतात, यांचे भांडण नेमके काय होते?”

तिथून मला सूर सापडला. १९३५ च्या ज्या कायद्याने अमेरिकेतल्या कामगारांना संघटना करून मालकाशी वाटाघाटी करण्याचा हक्क दिला, त्यातून शेतमजुरांना वगळलेले होते. ८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅलिफोर्नियातल्याच डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संप सुरू केला तो लॅरी इटलिओंग यांच्या नेतृत्वाखालच्या फिलिपिनो मजुरांनी. त्यांची मागणी होती ताशी १ डॉलर ४० सेंट मजुरीची. चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्टा यांची मेक्सिकन वंशाच्या मजुरांची संघटना त्यात आठवडाभराने उतरली. नावांच्या गोंधळापेक्षा हा गोंधळ मला अधिक बोचतो, कारण चावेझ कोण हे नीट ठाऊक असलेली माणसेही इटलिओंग यांचे नाव घेत नाहीत. संप चिघळून काही मजूर हिंसेची भाषा बोलू लागले, तेव्हा गांधीजींना मानणाऱ्या चावेझ यांनी १९६८ मध्ये २५ दिवस उपोषण केले.

“पण मालक नमले कशाने?” आप्पांचा प्रश्न रोखठोक होता. नमवले ते ग्राहकांनी. मजूर शहराशहरांत जाऊन दुकानांसमोर उभे राहिले आणि ही द्राक्षे घेऊ नका असे लोकांना सांगू लागले. इतर युनियनांना १९४७ पासून अशा बहिष्कारावर बंधने होती, पण शेतमजूर मूळ कायद्यातच नसल्यामुळे ती बंधने त्यांना लागू होत नव्हती. जुलै १९७० मध्ये डेलानोच्या बागायतदारांनी करारांवर सह्या केल्या आणि पेट्यांवर युनियनच्या काळ्या गरुडाचे चिन्ह आले.

आप्पांना हे लगेच पटले. २०१० मध्ये औषधाच्या अंशामुळे युरोपने आपली द्राक्षे नाकारली, तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या निर्यातदार बागायतदारांचे काय हाल झाले होते ते त्यांनी सगळ्यांना सांगितले. माल घेणाराच फिरला की बागायतदाराच्या हातात काही उरत नाही, हे त्यांनी ज्या कळकळीने सांगितले, त्यानंतर पुतळ्याची विचारणा कोणीच केली नाही. मघाचे बँकेतले काका बागेत जाऊन समाधीपाशी हात जोडून आले.

बेकर्सफील्डनंतर ९९ क्रमांकाच्या महामार्गावर डेलानो लागते. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या ओळी दिसू लागल्या, तशी काकांनी आप्पांना विचारणा सुरू केली: सुरगाणा-पेठकडून तुमच्याकडे येणाऱ्या टोळ्यांचा दर कोण ठरवतो, मुक्कामाची सोय काय, कोणी आजारी पडले तर खर्च कोणाचा? दर मुकादमाशी ठरतो आणि राहायला शेड बांधून दिली आहे, एवढे आप्पांनी सांगितले. आजारपणाच्या प्रश्नावर मात्र ते थोडे थांबले आणि म्हणाले, “ज्याची त्याची पद्धत असते. आमच्याकडे उचल देतो, ती पुढे मजुरीतून वळती होते.” हे काकांना मान्य झाले नाही आणि दोघांचा वाद फ्रेस्नो येईपर्यंत चालला. मी त्यात पडलो नाही.

त्या सहलीपासून मी बार्स्टो सोडले की बसमध्ये माइक हातात घेतो आणि आधी १९३५ चा कायदा, मग इटलिओंग यांचा संप, मग बहिष्कार या क्रमाने सांगत येतो. चावेझ यांचे नाव मी घाट लागल्यावरच घेतो.