दाण्याला वाफसा आला की मगच बाटली भरायची

दिवाळी झाली की आमच्याकडं धिंगरीची (ऑयस्टर मशरूमची) तयारी सुरू होते आणि दरवर्षी पाहुण्यातलं कुणीतरी फोन करून विचारतंच, ताई स्पॉन घरी करता येतो का अन् धान्य कोणतं घेऊ. स्पॉन म्हणजे शिजवलेल्या दाण्यांवर वाढवलेली धिंगरीची बुरशी, तेच तिचं बी. मी म्हणते ज्वारी घ्या, लातूर-धाराशिवकडच्या माणसानं दुसरीकडं बघायची गरजच नाही. पण ज्वारी म्हणजे कुठलीही नाही, हे सांगायला फोन पुरत नाही म्हणून इथं सविस्तर लिहितेय.

आधी मी स्पॉन विकतच आणायची. एका ऑक्टोबरमधे पार्सल उन्हात दोन दिवस कुठंतरी पडून राहिलं, हातात आलं तेव्हा पिशवी गरम, आतमधे पाणी सुटलेलं आणि पांढरी बुरशी पिवळी पडलेली. तरी भुसकटाच्या पिशव्यांत भरला मी तो, पैसे दिले होते ना. बारा पिशव्यांपैकी नऊ दुसऱ्याच बुरशीनं हिरव्या झाल्या, सोयाबीनचं एवढं भुसकट वाया गेलं की बघवत नव्हतं. तेव्हाच ठरवलं की चांगल्या ठिकाणाहून फक्त मदर स्पॉनचं, म्हणजे विरजणासारख्या मूळ स्पॉनचं, एक पाकीट स्वतः जाऊन आणायचं आणि पुढचं घरी बाटल्यांत ज्वारीवर वाढवायचं.

आता ज्वारी. पहिल्या वर्षी मी आडतीवरून खरिपाची स्वस्तातली ज्वारी आणली, दिवाळीच्या आसपास तीच नवीन आलेली असते. दाणे भरायच्या वेळेला पाऊस लागला की कणसं काळी पडतात हे आपल्याकडं लहान पोराला पण माहितीय, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. तो काळेपणा म्हणजेच बुरशी, आणि ती नुसती वर नसते, दाण्याच्या आतपर्यंत गेलेली असते. शिवाय असा दाणा आतून पोचट झालेला असतो, शिजवला की लगेच फुटतो, पीठ बाहेर येतं आणि सगळा गोळा होऊन बसतो. म्हणजे आपण आपली बुरशी घालायच्या आधीच तिथं दुसरीनं घर केलेलं. माझ्या आठ बाटल्यांतली एकही धड निघाली नाही.

रब्बीचा शाळू घ्यायचा, मालदांडी असेल तर उत्तमच. कोरड्या दिवसांत भरलेला, टणक, मोत्यासारखा, मूठ भरली की थंड लागतो आणि बोटांतून घसरतो. गहू पण चालतो, भरपूर लोक वापरतात, पण गव्हाला एक मिनिट जास्त झालं की फुटतो आणि चिकट होतो. मक्याचा दाणा मोठा, म्हणजे किलोत दाणे कमी, आणि स्पॉनचा प्रत्येक दाणा हा बुरशी पसरायला एक ठिणगी असतो म्हणून दाणे जितके जास्त तितकं भुसकट लवकर धरतं. ज्वारीचे किलोत साधारण तीस हजार दाणे बसतात. बाजरीचे त्याच्या दुप्पट-तिप्पट, पण बाजरी बाटलीत फार दाबून बसते, मधे हवा खेळत नाही, मला तरी ती जमली नाही. तिकडं अमेरिकेत जेम्स सिंडेन यांनी १९३२ साली धान्यावरच्या स्पॉनचं पेटंट घेतलं, त्याआधी घोड्याच्या लिदीच्या खतावर बुरशी वाढवून तेच बी म्हणून वापरायचे. थंड देशांत त्यासाठी राय नावाचं धान्य लोकप्रिय झालं, आपल्याला मात्र ज्वारी घरातच आहे.

घरातली म्हणून डोळे झाकून घेऊ नका पण, दुसऱ्या वर्षी माझं तिथंच चुकलं. शाळू घरचाच होता, सुंदर होता, पण साठवताना त्याला बोरिक पावडर चोळलेली होती. बोरिक बुरशी वाढू देत नाही आणि मी बुरशीच वाढवायला निघालेले. मदर स्पॉनचे दाणे टाकले तिथंच बसून राहिले, पंधरा दिवसांत बोटभर पण पुढं सरकले नाहीत. मग आत्यांनी (माझ्या सासूबाई) कणगीत खाली कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेली चार शेर काढून दिली, ती चांगली चाळून, तीन पाण्यानं धुऊन वापरली तर त्याच मदरमधून बाटल्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. आणि पेरणीचं बियाणं उरलंय म्हणून ते तर चुकूनसुद्धा घेऊ नका, त्याला थायरमसारखं बुरशीनाशक लावलेलं असतं, ते ओळखू यावं म्हणूनच त्याला रंग दिलेला असतो.

निवडून, पाखडून, खडे आणि फुटके दाणे काढून ज्वारी रात्रभर भिजत घालायची. भिजवणं टाळून डायरेक्ट उकळणारे आहेत, पण रात्रभर ठेवण्यामागं कारण आहे. दाण्यावर जे जिवाणू असतात त्यांचे बीजाणू सुप्त असताना उष्णतेला दाद देत नाहीत, पाणी मिळालं की ते जागे होतात आणि जागे झालेले मग कुकरमधे सहज मरतात. सकाळी पाणी बदलून उकळायला ठेवते, वीस ते तीस मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. हे मला आत्यांनी शिकवलं. त्यांनी उभ्या आयुष्यात कितीतरी बारशांच्या घुगऱ्या शिजवल्यात. पातेल्याजवळ येऊन दोन दाणे काढले, चिमटीत दाबले आणि म्हणाल्या, "बाई, घुगऱ्या करायच्या असतील तर अजून दम धर, बुरशीला घालायची असंल तर आत्ताच्या आत्ता उतरव." दाणा दाबला की दबला पाहिजे, आत पांढरा कोरडा ठिपका राहायला नको, पण साल फुटलेली नको. पाच टक्के दाणे फुटले तर ठीक, त्याहून जास्त फुटले तर ते पातेलं कोंबड्यांना.

मग सुकवणं, आणि माझ्या मते सगळा खेळ इथंच आहे. उकळलेली ज्वारी चाळणीत निथळायची आणि सावलीत धुतलेल्या सुती कपड्यावर पसरायची, मधूनमधून हात फिरवत राहायचं. किती वेळ असं सगळे विचारतात, तर पेरणीच्या आधी आपण वाफसा बघतो ना, वर कोरडं आत ओल, तसाच दाण्याला वाफसा यायला पाहिजे. मूठभर घेऊन टिश्यू पेपरवर दाबायची, कागद ओला झाला नाही तर तयार. वजनानं पण कळतं, एक किलो कोरडी ज्वारी तयार होईपर्यंत साधारण एक किलो सहाशे ते आठशे ग्रॅम भरते. दोन किलो भरली तर पाणी जास्त आहे, अशा बाटलीच्या तळाशी पाणी साचतं, दाणे करडे बुळबुळीत होतात आणि आंबूस वास येतो, ती जिवाणूंची सड असते, त्यातून काही वाचत नाही.

सुकल्यावर कोरड्या ज्वारीच्या वजनाच्या दोन टक्के जिप्सम आणि अर्धा टक्का खडूची भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट लावायचं, किलोला वीस ग्रॅम आणि पाच ग्रॅम. जिप्समनं दाणे सुटे राहतात, खडूनं आंबटपणा वाढत नाही. पानाचा चुना खडूच्या जागी घालू नका, तो फार कडक असतो.

बाटली दोन तृतीयांशच भरायची कारण नंतर हलवायला जागा पाहिजे. पिशवी वापरणार असाल तर पीपीची (पॉलिप्रॉपिलीनची), साधी प्लास्टिकची कुकरमधे वितळते. आणि तोंडाला बोळा घालायला मेडिकलमधला कापूस आणू नका, तो पाणी शोषतो, ओला झाला की त्यातूनच घाण आत शिरते. आपला शेतातला सरकी काढलेला कच्चा कापूस घ्या, त्याच्यावर नैसर्गिक मेण असतं म्हणून तो पाणी धरत नाही. गादीवाल्याकडं पण मिळतो. बोळा घट्ट बसवून वरून कागद आणि रबर.

कुकर मोठा पाहिजे, दहा-बारा लिटरचा, खाली जाळी ठेवून दोन-तीन लिटर पाणी. आधी शिट्टी न लावता वाफ जोरात येऊ द्यायची म्हणजे आतली हवा निघून जाते, मग शिट्टी लावून प्रेशर आल्यापासून पूर्ण दीड तास बारीक गॅसवर. पाणी आटतंय का हा घोर राहतोच म्हणून सुरुवातीलाच भरपूर घाला, मधे उघडायला जाऊ नका. नंतर रात्रभर तसाच गार होऊ द्यायचा.

दुसऱ्या दिवशी मदर घालायचं काम. पंखा बंद, खिडक्या बंद, सकाळी लवकर, हात आणि ओटा ७० टक्के स्पिरिटनं पुसून, ते वाळल्यावरच दिवा लावायचा आणि ज्योतीजवळ बाटलीचं तोंड उघडून दोन-तीन चमचे मदर पटकन आत. इथं एक गोष्ट आपल्या भागात मुद्दाम सांगायची आहे. याच दिवसांत हरभऱ्याची पेरणी चालू असते आणि मर रोगासाठी बियाण्याला ट्रायकोडर्मा नावाची बुरशी लावलेली असते. शेतात तो आपला मित्र, पण पिशव्यांवरची हिरवी बुरशी म्हणजे बहुतेकदा ट्रायकोडर्माच. तिसऱ्या वर्षी आमच्या ह्यांनी ओसरीत बियाणं चोळलं आणि त्याच दुपारी मी आत बाटल्या उघडल्या, दहातल्या चार हिरव्या. आता बीजप्रक्रिया गोठ्याकडं होते, तीही माझ्या बाटल्या बंद झाल्यावर, आणि ते कपडे घरात येत नाहीत.

२५ अंशाच्या आसपास अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवल्या की सात-आठ दिवसांत तिसरा हिस्सा पांढरा होतो, तेव्हा एकदा बाटली हातावर आपटून दाणे हलवायचे, मग पुढं पंधरा-वीस दिवसांत पूर्ण भरते. ओल्या भुसकटाच्या शंभर किलोला दोन-तीन किलो स्पॉन पुरतो. एका मदरवरून पुढं पुढं किती वेळा करायचं तर मी दोनदाच करते, नंतर नवीन पाकीट आणते, कारण पुढं बुरशीचा जोर कमी होत जातो.

आज माझ्या बाटल्यांचा नववा दिवस आहे, सोळापैकी एकच काढून टाकावी लागली, ती पण शिवारात लांब नेऊन पुरली. आत्या रोज सकाळी बॅटरी लावून बघून येतात आणि फेब्रुवारीत शाळू निघाला की पावडर लावायच्या आधी एक पायली बाजूला काढायची म्हणून त्यांनी आत्ताच डबा घासून ठेवलाय.