बाबांचा लॅपटॉप आणि अर्धे करडे फोटो

शुक्रवारी रात्री कराडहून बाबांचा फोन आला. "अरे, गोल गोल फिरतंय नुसतं. दुकानात नेला होता, ते म्हणतात फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल." डेटा म्हणजे आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत. अकरा वर्षं बाबा तो टाइप करतायत. बॅकअप २०१९ सालचा, तोही एका पेन ड्राइव्हवर.

शनिवारी दुपारी पोचलो. विंडोज 'ऑटोमॅटिक रिपेअर'पर्यंत यायचं, काळा पडदा, परत पहिल्यापासून. मी शहाण्यासारखं थांबायला हवं होतं, पण तीनदा रिपेअर चालवलं. तिसऱ्या वेळी आतून टक्... टक्... असा आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे बिघाड नुसत्या विंडोजचा नव्हता, हार्ड डिस्कच चालली होती. अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची सोय) वगैरे चालवणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला पळायला लावणं. लगेच बंद केला.

माझ्या लॅपटॉपवर रुफस हा प्रोग्राम वापरून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम चढवली. बाबांचा लॅपटॉप चालू करताना एफ१२ दाबत राहिलो आणि त्या पेन ड्राइव्हवरून तो सुरू केला. मिंट असं इन्स्टॉल न करताच चालतं, डिस्कला हात लागत नाही. (यंत्र जुनं, त्यामुळे बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला विंडोज लावतं ते कुलूप, नव्हतं. नव्या लॅपटॉपवर ते बऱ्याचदा आपोआप चालू असतं आणि ४८ आकडी रिकव्हरी की नसेल तर इथेच गाडी अडते.)

सी ड्राइव्हवर क्लिक केलं तर उघडेना. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की बंद करतानाही ते अर्धवट झोपलेलंच राहतं, आणि लिनक्स अशा ड्राइव्हवर लिहायला तयार होत नाही. मला लिहायचं नव्हतंच. टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) 'रीड-ओन्ली' माउंट केला, म्हणजे फक्त वाचण्यापुरता जोडला, आणि फोल्डर दिसले. बाबा मागे उभे. "आलं का रे?"

हावरेपणाने अख्खं यूजर्स फोल्डर कॉपीला लावलं. ३७ टक्क्यांवर अडकलं, वेग काही केबींवर. मिंटच्या 'डिस्क्स' प्रोग्राममध्ये स्मार्टचा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा, अहवाल उघडला तर पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे तुकडे) शेकड्यांनी. कॉपी थांबवली आणि आधी फक्त डॉक्युमेंट्स घेतलं, २१४ एमबी. चार मिनिटांत आलं.

माझ्या लॅपटॉपवर पहिली फाइल उघडली आणि बाबांचा चेहरा उतरला. सगळीकडे इंग्रजी अक्षरांचा, चिन्हांचा काला. हे मात्र मला माहीत होतं. बाबा युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, टाइप करत नाहीत. इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार दाखवणारा डीव्हीबी-टीटी सुरेख हा जुना फॉन्ट वापरतात, आणि माझ्याकडे तो नव्हता. त्यांच्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या फॉन्टची टीटीएफ फाइल आणून इन्स्टॉल केली, वर्ड परत उघडलं, आणि खापरपणजोबा मराठीत प्रकटले. बाबा खुर्चीत बसले ते अर्धा तास उठलेच नाहीत. तिथल्या तिथे दोन ऱ्हस्व-दीर्घही दुरुस्त करून घेतले माझ्याकडून.

उरले फोटो. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून मिंटमध्ये जीडीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरून डेटा काढायचा प्रोग्राम इन्स्टॉल केला. सी ड्राइव्ह अनमाउंट केला आणि ५०० जीबीच्या अख्ख्या डिस्कची प्रतिमा (जशीच्या तशी नक्कल) १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर काढायला लावली. हा प्रोग्राम वाचता येईल ते आधी उचलतो, खराब जागा मागे ठेवतो आणि मग तिथे पुन्हा प्रयत्न करतो. कुठवर वाचलं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल दिली असेल तर मधे लाइट गेली तरी पुढून सुरू करता येतं. रात्री अडीचला गेलीच. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीने मान टाकली. मॅप फाइल बाहेरच्या डिस्कवर ठेवली होती म्हणून वाचलो.

रविवारी दुपारी जेवणं आटपेपर्यंत संपलं. न वाचलेले ३ एमबी. त्यात सापडले ते आत्याच्या साठीच्या समारंभातले दोन फोटो, खालून अर्धे करडे.

बाबांनी चष्मा वर करून पाहिलं. "जाऊ दे. खाली पंगतच होती. उत्सवमूर्ती वरच्या अर्ध्यात आलीय."