लागोसचं गाणं अमेरिकेत पोचतं, गायक मात्र कागदांत अडकतो

नायजेरियाचे गायक विझकिड आणि टेम्स यांचं ‘एसेन्स’ हे गाणं २०२० च्या अल्बममधलं. पॉप गायक जस्टिन बीबर त्याच्या रिमिक्समध्ये आला ऑगस्ट २०२१ मध्ये, पण त्याआधीच, जुलैत, ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, बिलबोर्ड हॉट १०० मध्ये, शिरलं होतं. हे विसरलं जातं, म्हणून मुद्दाम सांगतो. पुढे ते ९ व्या क्रमांकापर्यंत चढलं. नायजेरियाच्याच रेमाचं ‘काम डाऊन’ अमेरिकी गायिका सेलेना गोमेझसोबतच्या रिमिक्सनंतर २०२३ मध्ये ३ ऱ्यावर गेलं. अमेरिकी पॉप रेडिओला ओळखीचा आवाज मिळाला की दार लवकर उघडतं. पण मूळ गाण्यात दम हवाच.

खरी दमछाक अमेरिकेतल्या दौऱ्याची. व्हिसासाठी आधी लागणारी मंजुरी गायकाला स्वतः मागता येत नाही. अमेरिकेतल्या एजंटने किंवा आयोजकाने त्यासाठी आय-१२९ हा अर्ज भरावा लागतो. गायकाला ओ-१ प्रकारचा व्हिसा, साथीदारांना ओ-२. ढोलकीवाल्याचा व्हिसा रखडला तर अख्खा ताफा खोळंबतो. शिवाय परदेशी कलाकाराच्या मानधनातून ३० टक्के कर आधीच कापला जातो, तोही खर्च वजा न करता. कपात कमी करून घेण्याचा करार अमेरिकी कर खात्याशी होतो, मात्र त्याचा अर्ज पहिल्या कार्यक्रमाच्या किमान ४५ दिवस आधी गेला पाहिजे.