तुम्ही विचारलंत म्हणून: उलटं स्वस्तिक

"आले ना शेवटी पैसे? आता तरी पटलं, देवाची वेळ ठरलेली असते?" पुण्याची मावशी हेच विचारते, ऑफिसातल्या बायका हेच. आमच्या इंदूरच्या नंदानगरचा किराणावाला तर हिशेब करता करता ऐकवतो, "भगवान के घर देर है, अंधेर नहीं." भाचीचा प्रश्न उलटा: "एवढं होऊनही तू दर बुधवारी खजराण्याच्या गणपतीला कशाला जातेस?" दोन्हीकडच्यांना एकदाच सांगून टाकते, मग मला पुन्हा विचारू नका.

देर म्हणजे किती, ते आधी ऐका. बाबांची हुकुमचंद कापड मिल बंद पडली 1991 च्या डिसेंबरात, कामगारांचे थकलेले पैसे सुटले 2023 च्या डिसेंबरात. बाबा गेले 2016 साली. यादीत त्यांच्या नावापुढे 'मयत' आणि खाली आम्ही वारस. याला देवाची वेळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फायली देवानं दाबल्या नव्हत्या, तारखाही त्यानं वाढवून घेतल्या नव्हत्या. माणसांनी लावलेला उशीर देवाच्या नावावर का खपवायचा?

मावशी यावर अहिल्याबाई काढते. 1754 ला नवरा गेला, 1766 ला सासरा, पुढच्याच वर्षी मुलगा. तरी राज्य केलं ते 'श्री शंकर' या सहीनं, सगळं देवाचं म्हणून. खरंय, मावशी. पण सही शंकराची असली तरी गाऱ्हाणी ऐकायला बाई स्वतः बसत होत्या. कागद शंकराकडे पाठवून त्या स्वस्थ बसल्या नाहीत.

हे मी आज शांतपणे लिहितेय. सतरा वर्षांची असताना शांत नव्हते.

1996 चं साल. बाबा एका गोदामावर रात्रीची चौकीदारी करत होते. माझ्या कॉलेजच्या फीचे पैसे आईनं साखरेच्या डब्यामागे ठेवले होते. इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चालते देखावे, निघतात, ते तुम्हाला माहीत आहेच. मिली बंद पडल्या तरी झांक्या थांबल्या नाहीत, कामगारच चंदा गोळा करून काढतात. त्या आठवड्यात मी डबा सरकवला, तर मागे पाचशे रुपये कमी. बाबा दारातच उभे होते. लपवायचा प्रयत्नही केला नाही त्यांनी. "झांकीला दिले," म्हणाले.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढं सांगते, की तुमच्या गणपतीला लाइटिंग लागतं आणि मला फी लागत नाही, असं मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. बाबा चिडले नाहीत. खाटेवर बसून चपलेचा तुटलेला अंगठा बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, झांकी निघाली नाही ना, तर मिल खरंच बंद पडली असं होईल."

मला तेव्हा हा शुद्ध वेडेपणा वाटला. फी भरायला उशीर झाला, दंड बसला, तो आईनं पापड लाटून भरला. (देवाच्या योजनेत आईचे पापड कुठे बसतात, हेही कोणीतरी सांगा.) त्या वर्षी मी झांकी बघायला गेले नाही. पुढची बरीच वर्षं देवळातही नाही.

पण रविवार आला की बाबा इस्त्रीचा शर्ट घालून मिलच्या गेटवर मीटिंगला जायचे, ड्यूटीवर जावं तसे. कोर्टाच्या तारखेची बातमी आणायचे. "तो बघतोय," म्हणायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा निघायचे. बसून राहणारा माणूस नव्हता तो, हे त्या सतरा वर्षांच्या मुलीला मी आजही समजावते. ती म्हणते, मग माझी फी? तिला अजून माझ्याकडे उत्तर नाही.

आणि एक कबुली. 2015 मध्ये बाबांचं दुखणं कळलं, तेव्हा मीच खजराण्याला पळाले. देवळाच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे गणपतीच्या पाठीवर, लोक उलटं स्वस्तिक काढतात. काम झालं की येऊन सरळ काढायचं. ज्याला वेळेचा जाब विचारत होते, त्याच्याकडेच मी मुदत मागितली. मिळाले अकरा महिने. ते कोणाच्या खात्यावर मांडू?

बाबांनीही पैशांसाठी त्याच भिंतीवर कधीतरी स्वस्तिक काढलं होतं. पैसे आल्यावर आई म्हणाली, "चल, सरळ करून येऊ." कुठे सापडणार ते? भिंतीवर कुंकवाचे थरावर थर. आईनं मोकळी जागा बघून बोटानं सरळ स्वस्तिक काढलं आणि पुडी माझ्यापुढे धरली. "तुझं राहिलंय ना?"

"माझं काम झालं नाही," मी म्हटलं.

"अकरा महिने दिले की."

पुडी हातात घेऊन मी तशीच उभी. मागून एक मुलगी म्हणाली, "आंटी, थोड़ा सरकना." तिच्या बोटाला कुंकू लागलेलं होतं. मी बाजूला झाले.

पुडी पर्समध्येच आहे. परवा बुधवार.