चौथा सिलेंडर कुठे गेला बे?

मागच्या रविवारी पहाटे साडेपाचला मामेभाऊ नवीन स्विफ्ट घेऊन दारात हजर. हॉर्न वगैरे नाही, नुसतं इंजिन चालू ठेवून बसला होता, आणि मी गॅलरीतून ऐकलं तर पहिल्यांदा वाटलं की खाली ऑटो उभा आहे का काय. हे मी खाली जाऊन त्याला बोलून पण दाखवलं, त्यामुळे नागपूरचा कामठी रोड लागेपर्यंत साहेब फोनवर "हो", "बरं", "ठीक" एवढंच बोलून राहिले होते.

तर झालं असं की माझ्याकडे २०२१ ची स्विफ्ट आहे, व्हीएक्सआय म्हणजे मधलं मॉडेल, मॅन्युअल, चार सिलेंडरवाली. त्याने २०२५ च्या दसऱ्याच्या सुमारास, गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला तेव्हा, नवीन शेपवाली घेतली, म्हणजे मे २०२४ मध्ये आलेली ती, झेडएक्सआय प्लस म्हणजे टॉप मॉडेल, ती पण मॅन्युअल. तेव्हापासून घरात कोणाचं लग्न असो की तेरवी, आम्ही दोघं कोपऱ्यात उभे राहून एकच भांडण करतो की चालवायला कोणती भारी. शेवटी मामीच वैतागून म्हणाली, जा बापा एकदाचे कुठे तरी दोघं, आणि मी पण येते, मला गडावर जायचंच आहे. म्हणून रामटेक. जाताना ज्याची त्याची गाडी, मनसरला अदलाबदली, गड चढताना एकदा ही एकदा ती.

आधी थोडं इंजिनाचं सांगतो, कारण सगळी बोंब तिथेच आहे. दोन्ही गाड्यांचं इंजिन ११९७ सीसी. माझ्यात चार सिलेंडर, त्याच्यात तीन. माझ्या प्रत्येक सिलेंडरचा बोअर, म्हणजे आतली रुंदी, ७३ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरखाली पल्ला, ७१.५, म्हणून पिस्टनला वरखाली फार लांब जावं लागत नाही, त्यामुळे ते वर फिरायला खूष असतं. नव्याचा बोअर ७४ आणि स्ट्रोक थेट ९२.८. चौथ्या सिलेंडरची जागा बाकीच्या तिघांनी उंच होऊन भरून काढली असं समजा. याचा फायदा असा की घर्षण कमी, पेट्रोल कमी लागतं, कंपनीचा मायलेजचा आकडा लिटरला २३.२ किमीचा २४.८ झाला. तोटा असा की ताकद ९० पीएसवरून ८२ पीएसवर आली (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरच समजा). टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, जवळपास तेवढाच आहे, ११३ न्यूटन-मीटरचा ११२, पण तो थोडा आधी मिळतो.

कागदावर हे वाचून मी पहिल्या दिवसापासून हसत होतो की नवीन गाडी आणि ताकद कमी, असं कुठं असते का. पण सदरपासून कामठीपर्यंत त्याच्या मागे मागे जाताना एक गोष्ट दिसली की प्रत्येक सिग्नलवरून तो माझ्या आधी सुटून राहिला होता. मला वाटलं मुद्दाम रेटतो आहे. मनसरला चहा पिऊन गाडी हातात घेतली तेव्हा कळलं की रेटायची गरजच नाही, दुसऱ्या गिअरमध्ये नुसता पाय टेकवला तरी ती गुपचूप निघते, तिसऱ्यात तीसच्या स्पीडवर पण कुरकुर नाही. क्लच हायड्रॉलिक झाला आहे तो तर लोण्यासारखा, माझ्या गाडीत सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गेला की डावा गुडघा बोलायला लागतो. म्हणजे शहरात ती माझ्यापेक्षा चांगली आहे. लिहिताना जीवावर येऊन राहिलं आहे, पण आहे.

आता गडबड कुठे आहे ते ऐका. मनसरहून रामटेककडे वळल्यावर पुढे एक ट्रक होता, समोरचा रस्ता मोकळा. माझ्या गाडीत अशा वेळी हात आपोआप तिसऱ्यावर जातो, ॲक्सिलरेटर खाली, आणि इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर गेलं की इंजिनाचा आवाज बदलतो, एकदम सूर लागल्यासारखा, आणि सहा हजारपर्यंत ते ओढतच राहतं. त्याच सवयीने मी त्याच्या गाडीत तेच केलं. चार हजारपर्यंत मस्त. त्यानंतर नुसता आवाज वाढला, स्पीड काही त्या हिशोबाने वाढली नाही, आणि पायाखाली बारीक झिणझिण्या. ट्रक ओलांडला, अडचण काही नाही आली, पण ती जी मजा असते, गाडी "अजून दे, अजून दे" म्हणते ना, ती नाही. ही म्हणते, झालं ना तुझं काम, टाक आता पुढचा गिअर.

आणि उभं असताना तर विचारूच नका. रामटेकच्या खाली एका ठिकाणी एसी चालू ठेवून मामीची वाट पाहत होतो, कप होल्डरमध्ये पाण्याची अर्धी बाटली होती, तिच्यातलं पाणी थरथरून राहिलं होतं. वरच्या पाण्यावर बारीक बारीक गोल. लगेच उतरून माझ्या गाडीत तीच बाटली नेऊन ठेवली. पाणी शांत. भावाला बोलावून दाखवलं, तर तो म्हणे, "दादा, तू बाटली चालवायला आला का गाडी?"

गडाचा रस्ता लहानच आहे पण वळणं चांगली आहेत, आणि सकाळी सातच्या आधी माकडं सोडली तर कोणी नसतं. माझी खरी आशा इथे होती. इंजिन सोडा, वळणावर तर आपली जुनी मारेल. आधी माझी नेली. दुसरा गिअर, वळणातून बाहेर पडताना पूर्ण पाय, इंजिन गुरगुरत वर. स्टिअरिंग हलकं आहे पण वळण झाल्यावर ते स्वतःहून सरळ व्हायला थोडा आळस करतं, हाताने परत आणावं लागतं, मला पाच वर्षांत सवय झाली म्हणून जाणवत नव्हतं. मग त्याची नेली. स्टिअरिंग आपलं आपण सरळ येतं, पुढचं चाक कुठे आहे ते जास्त नीट कळतं, आणि ज्या वळणावर माझी टायर कुईं करतात तिथे ही चुपचाप निघून गेली. तीनदा नेली. तीनदा तेच.

मी थोडा वेळ गप्प होतो. मग लक्ष गेलं टायरकडे. माझ्या व्हीएक्सआयला १६५ चे टायर, १४ इंची. त्याच्या टॉप मॉडेलला १८५ चे, १५ इंची. आता जिथे रबरच वीस मिमी जास्त रुंद, तिथे गाडीचं कौतुक किती आणि टायरचं किती? भाऊ म्हणाला हे रडीचे डाव आहेत. असतील. पण चूक काय आहे त्यात?

मामीचा निकाल वेगळाच. तिला माझ्या गाडीचं मागचं हँडल अजून सापडत नाही, कारण ते दारावर नाही, वर काचेजवळ लपवलेलं आहे, नव्यात ते परत सरळ दारावर आलं, त्यावर ती खूष. बाकी सिमेंट रोडच्या जॉइंटवर दोन्हीत सारखंच टक-टक लागतं म्हणे, आणि दोन्हीत मागे बसलं की बाहेरचं काही दिसत नाही. हे मात्र शंभर टक्के खरं. तरी नव्यात सहाच्या सहा एअरबॅग खालच्या मॉडेलपासून आहेत, ते मी तिला सांगितलं, तर म्हणे मग तू हळू चालव, म्हणजे लागणारच नाहीत.

खरं सांगू, माझा राग त्या गाडीवर नाहीच. मी गाडी शिकलो ती काकांच्या पहिल्या स्विफ्टवर, काटोल रोडला, २००५ ला आलेलं ते मॉडेल, १.३ पेट्रोल, ८७ बीएचपी. म्हणजे वीस वर्षांपूर्वी ८७ बीएचपी, आणि आता ८२ पीएस, म्हणजे बीएचपीत जेमतेम ८०. काका तेव्हा म्हणायचे की ही गाडी पोरांनी घेऊ नये, पोरं बिघडतात. नवीनबद्दल असं कोणी म्हणणार नाही. बाहेर देशात स्विफ्ट स्पोर्ट विकायचे, १.४ टर्बो, ती आपल्याकडे आणलीच नाही कधी. आपल्याला दरवेळी दिसायला स्पोर्टी आणि चालवायला समजूतदार अशीच मिळते, यावेळी समजूतदारपणा जरा जास्त झाला एवढंच.

कोणी आज घ्यायला निघालं असेल आणि रोजचं धरमपेठ ते हिंगणा असेल, तर नवीनच घ्या, जुनी शोधत बसू नका. वर्धा रोडवर रात्री रिकाम्या रस्त्यात उगाच गिअर खाली टाकायची सवय असेल, तर सेकंड हॅण्डमध्ये २०२१ नंतरची चार सिलेंडर बघा, अजून मिळतात.

वळणांचा निकाल मी राखून ठेवला आहे. या शनिवारी टायरवाल्याकडे जाऊन १५ इंची रिमसकट १८५ चा भाव काढतो. भावाला तारीख कळवली आहे, त्याने उत्तरात बाटलीचा फोटो पाठवला.