आयकार्डावर हेल्पर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सकाळी उतारे, जात-उत्पन्नाचे दाखले, नाडकचेरीचे, म्हणजे इथल्या महसूल कचेरीचे अर्ज. दुपारनंतर परीक्षांचे फॉर्म आणि बायोडेटा. बायोडेटाला पैसे कमी मिळतात, म्हणून त्याला कुणी वेळ देत नाही. बहुतेक केंद्रांत एकच तयार फाइल असते. नाव, जन्मतारीख, मार्क बदलायचे आणि बाकी सगळं आधीच्या माणसाचंच ठेवून प्रिंट मारायची. एका पोराचं आयुष्य पाच मिनिटांत उरकायचं हे काम मला कधीच पटलेलं नाही.

परवा नंदगड बाजूचा एक मुलगा आला. आयटीआय मशिनिस्ट, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशिन शॉपमध्ये चार वर्षं कामाला. पुणे, चाकण, कोल्हापूर, सगळीकडे अर्ज केलेले, कुठूनच काही उत्तर नाही. "अक्का, ह्याच्याच वीस प्रिंट काढून द्या," म्हणाला.

मी आधी फाइल बघायला मागितली. पहिल्या ओळीत 'सीकिंग अ चॅलेंजिंग पोझिशन'. खाली वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद, आधार नंबरसुद्धा छापलेला. शेवटी 'वरील माहिती खरी आहे' असं प्रतिज्ञापत्र. आणि चार वर्षांच्या नोकरीसाठी एकच ओळ: अमुक कंपनीत ऑपरेटर म्हणून काम केले.

फाइल पीडीएफ होती, पण माउसने अक्षरं निवडायला गेले तर एकही शब्द निवडला जाईना. कागदाचा मोबाइलवर फोटो काढून त्याचीच पीडीएफ केलेली. नोकरीच्या पोर्टलवर कंपनीचा माणूस हजारो फाइली उघडत बसत नाही. तो 'व्हीएमसी' (संगणकावर चालणारं मिलिंग मशिन), 'फानुक' (त्या मशिनचा कंट्रोल बनवणारी कंपनी), 'सेटिंग' (नव्या कामासाठी मशिन लावून देणं) असे शब्द टाकून शोधतो आणि ज्या फाइलींत ते सापडतील त्याच त्याच्यासमोर येतात. फोटोतले शब्द त्या शोधाला सापडतीलच असं नाही. ते सापडले असते तरी ह्याच्या फाइलीत शोधण्यासारखा शब्दच नव्हता. मी प्रत्येक बायोडेटा तयार झाला की सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघते. दोन रकान्यांचे, चौकटींचे सुंदर फॉरमॅट तिथं उघडे पडतात: फोन नंबर पदवीच्या मधे घुसतो, कंपनीचं नाव एकीकडे आणि तारखा तिसरीकडे. म्हणून माझ्याकडे एकच रकाना, साधी अक्षरं, फोटो नाही.

मग म्हटलं, बायोडेटावरचा ईमेल उघड बघू. त्याला पासवर्डच माहीत नव्हता. बायोडेटा केला त्या दुसऱ्या केंद्रवाल्यानं ईमेलही काढून दिला होता, स्वतःचा मोबाइल नंबर घालून. मुलानं तो ईमेल एकदाही उघडलेला नव्हता. कंपन्या फोन करतात अशी त्याची समजूत. त्या केंद्रवाल्याला फोन लावला. आधी कुरकुरला, मग ओटीपी सांगितला.

आत जाहिरातींचा ढीग, आणि त्यात दोन खरी उत्तरं. चाकणच्या एका वर्कशॉपनं सध्याचा पगार आणि नोटीस किती दिवसांची ते विचारलं होतं. दुसरं कागलच्या एमआयडीसीतून: अमुक तारखेला मूळ कागदपत्रं घेऊन मुलाखतीला या. ती तारीख मागच्या पावसाळ्यातली. लहान कंपनीत मालक किंवा सुपरवायझर स्वतः फाइल उघडून वाचतो, म्हणून तेवढी दोन तरी आली असावीत. मुलगा स्क्रीनकडे बघत नुसता बसून राहिला. मला त्या केंद्रवाल्याचा इतका संताप आला की पुन्हा फोन लावणार होते. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

प्रिंटचा विषय बाजूला ठेवला आणि त्याला बसवून घेतलं. 'काय काम करतोस' असं विचारलं की पोरं 'मशिनवर' म्हणून गप्प होतात. म्हणून मी विचारते, शिफ्टला गेल्यागेल्या पहिला तास काय करतोस? मग तो बोलायला लागला. हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी, एसजी आयर्नचं कास्टिंग. फिक्स्चर बांधायचं, डायलनं सरळ करायचं, वर्क ऑफसेट घ्यायचा, टूलची लांबी भरायची, पहिला पीस काढून मोजायचा. ४० मिमीचा बोअर, म्हणजे भोक, त्याचं माप एच७, म्हणजे २५ मायक्रॉनच्या आत बसला पाहिजे आणि ४० च्या खाली जाता कामा नये. बोअर गेज, मायक्रोमीटर, हाइट गेज, सगळं हाताखालचं. कंट्रोल फानुकचा. प्रोग्रॅममध्ये बारीक फेरबदलही तोच करतो.

"म्हणजे सेटिंग तूच करतोस?"

"चार वर्षं तेच करूलोय की, अक्का."

मी आयकार्ड मागितलं. त्यावर हेल्पर. खाली कंपनीचं नाव नाही, ठेकेदाराचं. मध्ये ठेकेदार बदलला, त्यामुळे पीएफच्या नोंदीतही दोन वेगवेगळी नावं आणि मध्ये काही महिन्यांचा खंड. त्या खंडातही हा रोज कामावर होता.

आता लिहायचं काय? सेटर लिहिलं तर चौकशीत ठेकेदार हेल्पर सांगणार आणि पोरगा खोटा ठरणार. हेल्पर लिहिलं तर वाचणारा पुढची ओळ वाचणारच नाही. बराच विचार करून मी वर मोठ्या अक्षरांत पद न लिहिता काम लिहिलं: व्हीएमसी सेटिंग व ऑपरेटिंग, फानुक कंट्रोल, हायड्रॉलिक भाग. त्याखाली बोअर, मापं, उपकरणं, माल कुठला, सगळं पाच ओळींत. नोकरीच्या रकान्यात ठेकेदाराचं नाव, कामाची जागा म्हणून कारखान्याचं नाव आणि हुद्दा नोंदीत आहे तोच. तारखा पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीतून उतरवल्या. एकही अक्षर खोटं नाही.

सीमेपलीकडच्या वाचणाऱ्यासाठी आणखी थोडं. एसएसएलसीपुढे 'दहावी' लिहिलं. आयटीआयचं प्रमाणपत्र एनसीव्हीटी ह्या केंद्रीय परिषदेचं, ते देशभर चालतं, तरी आधीच्या फाइलीत त्याचा उल्लेखच नव्हता. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही बोलता येतात हे वर घेतलं. कर्नाटकातला पत्ता बघून हा येणार नाही असं कुणी धरू नये म्हणून 'कोल्हापूर, पुणे इथे राहायला तयार' असं नावाखालीच टाकलं. ईमेल त्याच्या स्वतःच्या नंबरवर जोडला आणि फाइलीला त्याचं नाव आणि 'व्हीएमसी' असं नाव दिलं.

त्याच संध्याकाळी त्याला कागलच्या त्या नंबरवर फोन करायला लावला. ती जागा कधीच भरली होती, पण नवी फाइल पाठवा म्हणाले. पाठवली. आठवडा सरायच्या आत ट्रायलला बोलावलं. आयकार्डावर हेल्पर कसं, असं त्यांनी विचारलंच. त्यानं पीएफची नोंद दाखवली आणि खरं ते सांगितलं. मग त्यांनी ड्रॉइंग दिलं आणि मशिनसमोर उभं केलं. पीस मापात आला. घेतलं, पण ऑपरेटर म्हणून. कागदावर सेटर नव्हता ना, असं तिथला सुपरवायझर म्हणाला. पगार इथल्यापेक्षा बरा, आणि कंपनीच्याच रोलवर. पोरगा खूश आहे. मला मात्र हे अजून पचत नाही. ज्यांनी चार वर्षं त्याच्याकडून सेटिंग करून घेतलं त्यांनी एक हुद्दा कागदावर द्यायला काय जात होतं?

आता त्याच शॉपमधली आणखी दोन पोरं माझ्याकडे आलीत. त्यांचा पीएफ नंबरच नाही, पगार रोख. एकाला ठेकेदाराकडून साध्या कागदावर तरी अनुभवाचं पत्र आणायला सांगितलंय. तो देईल असं त्याला वाटत नाही. दुसऱ्याला शिनोळीच्या एका वर्कशॉपात थेट ट्रायलला पाठवतेय. त्याच्या बायोडेटात पहिलं पान सगळं कामाचं आहे, आणि कारखान्याचं नाव शेवटी.